मिठाचा खडा आणि प्लास्टिकचा कागद

आधीच सांगून टाकते, मी विज्ञानाची बाई. पेणच्या एका हायस्कुलात आठवी-नववीला शिकवायचे. नव्वदच्या दशकाच्या मध्यात एका गणपतीच्या मोसमात आमच्या घरात जो घोटाळा झाला, तो कुणा अडाण्याच्या हातून झाला असता तर मी त्याला चार शब्द सुनावले असते. पण तो माझ्याच हातून झाला. हवेतल्या वाफेचं पाणी कसं होतं हे शुक्रवारी मी वर्गात फळ्यावर लिहून दिलं आणि शनिवारी घरी येऊन विसरले. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं म्हणतात. मी तर कोरडीही राहिले नाही.

माझं माहेर रोह्याला लागून असलेलं वरसे. लग्न होऊन आले हमरापूरला, जिथे घरोघरी गणपतीचे कारखाने. कारखाना म्हणजे काय, तर घरामागे पत्र्याची लांबट शेड, भिंतीला फळ्या, आणि खाली पाट मांडून रंगवत बसलेली घरातलीच माणसं. थोरले दीर मातीकाम आणि विक्री बघायचे. गणपतीआधी महिनाभर ते माल घेऊन मुंबईला मुक्काम ठोकायचे. थोरली जाऊ अंगाचा रंग, पितांबर, शेला, दागिने करायची. आमचे हे नागोठण्याच्या बाजूला एका कंपनीत शिफ्टला. मी शाळेतून आले की जाऊच्या हाताखाली मुकुटाला सोनेरी लावायचे. तेवढंच मला जमायचं. आणि डोळे मात्र फक्त सासरे काढायचे. त्यांना आम्ही सगळे बाबा म्हणायचो.

डोळे काढण्याला आमच्याकडे आखणी म्हणतात. ती सगळ्यात शेवटी होते. मूर्ती कितीही नटवा, आखणी होईपर्यंत ती आंधळीच दिसते, आणि एक रेघ इकडची तिकडे झाली की गणपती रागावलेला किंवा पेंगुळलेला दिसायला लागतो. मुंबईला जाणाऱ्या मालाची आखणी बाहेरचे कारागीर येऊन करून जायचे. पण गावातली आणि आसपासची सव्वीस घरं अशी होती की त्यांचा शाडूचा गणपती वर्षानुवर्षं आमच्याकडून जायचा आणि त्यांना बाबांचीच आखणी लागायची.

त्या वर्षी बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. उजवा तर पिकलाच होता. पाऊस संपला की ऑपरेशन करायचं असं डॉक्टरांनी सांगितलेलं. बाबांनी त्यावर घरात जाहीर केलं होतं, "हे सव्वीस माझ्या हातानं व्हऊ दे. मग डोळा कापा नायतर डोकं कापा. पुढल्या सालापासून ब्रश कोण दुसरा धरंल." म्हणजे ही त्यांची शेवटची आखणी होती. चाळीसेक वर्षं केलेलं काम त्यांना नीट, मोजून-मापून संपवायचं होतं. म्हणून त्या महिन्यात आमच्या घरात एकच विषय होता: बाबांचे सव्वीस.

बाबांचे वडील मिठागरावर कामाला होते, त्यामुळे बाबांचं लहानपण खाडीच्या बांधावर गेलेलं. तिथून त्यांनी एक रीत आणली होती. रोज संध्याकाळी शेड बंद करताना ते जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, ताटलीत जाड्या मिठाचा एक खडा ठेवायचे. सकाळी आल्या आल्या त्याला बोट लावायचं. खडा कोरडा असला तर आखणी करायची. ओलसर लागला तर त्या दिवशी ब्रश उचलायचा नाही, रंग नुसता पसरतो. आणि खड्याचं पाणीच झालं असलं तर मूर्तींवरची जुन्या लुगड्यांची झाकणंसुद्धा काढून टाकायची, दारं सताड उघडायची आणि वाट बघायची. मी हसायचे. एकदा म्हटलंसुद्धा, "बाबा, रेडिओवर सांगतात की हवामान."

"रेडिओ मुंबईचा हाय गो," ते म्हणाले. "खडा आपल्या शेडमधला हाय."

ते मला मास्तरीण म्हणायचे. आखणी सकाळी आठ ते दहा, तेवढाच दाराशी सरळ उजेड यायचा. सुट्टीच्या दिवशी त्या वेळात मीही पलीकडे सोनेरी लावत बसायचे आणि मग त्यांचे प्रश्न सुरू व्हायचे. ब्रश बुडवता बुडवता एकदम विचारायचे, "ढग पाण्याचाच ना? मग येवढं पाणी वर तरंगतं कसं? पडत कसं नाय?"

मला असले प्रश्न फार आवडायचे, खोटं कशाला बोलू. मी सांगायचे. ढगातला थेंब इतका बारीक असतो की रांगोळीची कणी त्याच्यापुढे धोंडा. तो पडत असतोच, पण इतका सावकाश की खालून येणारी जराशी हवा त्याला पुन्हा वर ढकलते. असे लाखो थेंब एकमेकांवर आदळून एक झाले की पावसाचा एक थेंब होतो, आणि मग त्याला हवेचं काही चालत नाही, तो सरळ खाली येतो. मुलं पावसाचा थेंब वर टोकदार काढतात ना, तसा तो नसतोच मुळी. लहान असला तर गोल, मोठा झाला तर खालून चपटा आणि वरून फुगीर, पावासारखा.

"आणि पहिला थेंब कशानं व्हतो?"

"वाफेला बसायला काहीतरी लागतं, बाबा. नुसत्या हवेत तिला जमत नाही. धुळीचा कण, धुराचा कण, नाहीतर समुद्रावरून उडालेलं मीठ. मिठावर तर ती सगळ्यात आधी बसते."

बाबा थांबले. ब्रश तसाच हातात. "म्हणजे आमचं मीठ ढगाला बसायला पाट देतं," ते म्हणाले, आणि त्यांना इतका आनंद झाला की दुपारी जेवताना त्यांनी ते जाऊला पुन्हा सांगितलं. जाऊ म्हणाली, "बसू दे. पाट द्या, ताट नका देऊ, नायतर मुक्कामच ठोकंल."

मिठावर वाफ आधी बसते हे मी स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं, हे लक्षात ठेवा.

दुसरा एक प्रश्न ते विचारायचे, तो मात्र मला आवडायचा नाही. हात थांबवून, मान तिरकी करून म्हणायचे, "आज धुकं हाय का गो?" श्रावणात कुठलं आलंय धुकं? पहिल्यांदा मला वाटलं थट्टा करतायत. मग कळलं की त्यांच्या डोळ्यांपुढे खरंच पांढरं येतंय, आणि ते हवेतलं आहे की डोळ्यातलं हे त्यांना उमगत नाहीये. खरं सांगायचा धीर मला झाला नाही. मी म्हणाले, "ढग आलेत बाबा. उजेड कमी झालाय." त्यांनी ब्रश खाली ठेवला, पाचेक मिनिटं डोळे मिटून बसले, आणि थोडं बरं वाटल्यावर पुन्हा सुरू केलं. मग ते दर वेळी विचारायला लागले आणि मी दर वेळी ढग आणायला लागले. बाहेर ऊन पडलेलं असलं तरी. जाऊ सगळं ऐकायची आणि माझ्याकडे न बघता पितांबर रंगवायची.

असे करत करत सव्वीसची आखणी पुरी झाली. चतुर्थीला आठ दिवस होते. पाण्यातले रंग होते, वाळायला हवे होते, एवढंच बाकी होतं. बाबा त्या दिवशी जेवले आणि दुपारभर शांत झोपले. महिन्याभरात पहिल्यांदाच.

शुक्रवारी मी आठवीला संघनन शिकवलं. स्टॅण्डवरच्या थंड पेयांच्या दुकानातून बर्फ आणला, स्टीलच्या पेल्यात घातला, पेला टेबलावर ठेवला. बाहेरून थेंब जमले. एका मुलीने विचारलं, "बाई, पेला पाझरतो का?" मी पेला पुसला, पुन्हा थेंब आले. मग ठासून सांगितलं की पाणी आतून आलेलं नाही, ते हवेत होतंच, फक्त दिसत नव्हतं. हवा जितकी उबदार तितकी वाफ ती पोटात ठेवते. गार झाली की तिला तेवढी झेपत नाही, मग उरलेली वाफ जवळ जे काही गार असेल त्यावर पाणी होऊन बसते. मुलांकडून तीनदा म्हणवून घेतलं.

शनिवारी बाबांना डोळ्याच्या डॉक्टरकडे पेणला दाखवायचं होतं. हे त्यांना घेऊन गेले आणि पाऊस लागला म्हणून दोघं तिथेच नणंदेकडे राहिले. इकडे दुपारी शेडचा पत्रा दोन-तीन ठिकाणी खिळ्यांपाशी गळायला लागला. एक थेंब एका मूर्तीच्या खांद्यावर पडलेला मी बघितला आणि माझं डोकं सटकलं. एवढे दिवस त्या माणसाने डोळे फोडून काम केलं आणि ते आता गळक्या पत्र्याने घालवायचं? माझा स्वभावच असा, सुचलं की लगेच करायचं. छत्री घेतली, फाट्यावरच्या दुकानातून प्लास्टिकचा कागद आणला, कात्रीने तुकडे केले आणि सव्वीसच्या सव्वीस मूर्ती मुकुटापासून पाटापर्यंत गुंडाळून खालून सुतळीने बांधून टाकल्या.

जाऊ म्हणाली, "कापडानं झाकतात गो. प्लास्टिकनं नाय."

"कापडातून पाणी जातं, ताई."

"बाबांना येऊ दे तरी उद्या."

"उद्यापर्यंत काय गळू द्यायचं? तुमचं म्हणजे ना!" मी म्हटलं. जाऊ आत निघून गेली. ती वयाने मोठी, कामाने मोठी, पण मी शिकलेली ना.

बांधून झाल्यावर आवरताना फळीवरची ती ताटली हाताला लागली. बाबा नव्हते तरी जाऊने सकाळी खडा बदलून ठेवला होता. खडा दिसतच नव्हता, नुसतं पाणी होतं. म्हटलं, ही कसली घाण! मोरीत ओतलं, ताटली धुऊन पालथी घातली. ते पाणी माझ्या हातावरून गेलं. हवेला आता थेंबभरही झेपत नाही, असं त्या ताटलीने मला लिहून दिलं होतं, आणि मी ते विसळून टाकलं.

संध्याकाळी तासभर कडक ऊन पडलं. पत्रा तापला. पहाटे पुन्हा पाऊस येऊन गार झाला. पुढचं काय झालं ते आठवीतलं कुठलंही मूल सांगेल.

रविवारी सकाळी मी शेडचं दार उघडलं, तर प्लास्टिक आतून पांढरं झालं होतं. जवळ गेले. कागदाच्या आतल्या बाजूला बारीक थेंब, मोहरीएवढे, जागच्या जागी चिकटून. मी बघत असतानाच वरचा एक थेंब शेजारच्याला लागला, दोघांचा एक झाला, तो जड झाला आणि खाली घसरला. जाताना वाटेतल्या सगळ्यांना पोटात घेत गेला. मुकुटापाशी कागद कपाळाला टेकला होता. तिथे तो थेंब कागद सोडून मूर्तीवर उतरला आणि भुवईवरून डोळ्यात गेला. लाखो थेंबांचा एक कसा होतो हे मी इतकी वर्षं फळ्यावर काढत होते, डोळ्यांनी पहिल्यांदाच बघत होते. काळी रेघ गालावरून सोंडेपर्यंत आली होती.

मी सुतळ्या तोडत सुटले. दमटलेली माती आणि न वाळलेले रंग वाफ बाहेर टाकत होते आणि मी तिला जायला जागाच ठेवली नव्हती. सव्वीसपैकी एकोणीस मूर्तींचे डोळे गेले होते. सात वाचल्या, कारण त्यांच्या मुकुटांचे शेंडे उंच होते आणि कागद तोंडापासून लांब राहिला होता. माझ्या मागे जाऊ येऊन उभी राहिली. तिने "मी सांगितलं व्हतं" असं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, "आई गं!" आणि पदर तोंडाला लावला.

दहाच्या एसटीने बाबा आणि हे आले. बाबा चपला काढून सरळ शेडच्या दारात उभे राहिले, आत बघून हसले आणि म्हणाले, "वाळले का गो माझे देव?"

त्यांना दारातून काहीच दिसलं नव्हतं. सगळं नेहमीसारखंच पांढरट दिसलं असणार. एक क्षण, अगदी एकच क्षण, माझ्या मनात आलं की सांगूच नये. जाऊकडून गुपचूप दुरुस्त करून घ्यावं, लोक घेऊन जातील, यांना कळणारही नाही. आज लिहितानासुद्धा त्याची लाज वाटते. मग मी त्यांचा हात धरून त्यांना पहिल्या मूर्तीपाशी नेलं आणि त्यांचं बोट तिच्या गालावर ठेवलं. बोट काळं झालं. त्यांनी ते नाकापाशी नेऊन बघितलं.

"पत्रा गळला?"

"नाही बाबा. मी प्लास्टिक बांधलं होतं. आतून पाणी सुटलं."

"किती गेले?"

"एकोणीस."

त्यांनी बोट उपरण्याला पुसलं. मग विचारलं, "खडा काय सांगत व्हता?"

"पाणी झालं होतं त्याचं."

"मग?"

"फेकून दिलं मी."

बाबा पाटावर बसले. मला वाटलं, आता शिव्या घालतील. घातल्या असत्या तर मी आनंदाने खाल्ल्या असत्या. "तूच सांगितलं व्हतंस गो मला," ते म्हणाले. "मिठावर आधी बसते म्हणून." मी रडायला लागले. चांगली मोठ्याने, आमच्या ह्यांच्यासमोर, काही न वाटून घेता. बाबांनी रडू दिलं आणि मग म्हणाले, "आता पुरे. हवेत आधीच पाणी काय कमी हाय?"

सोमवारपासून मी आठवडाभराची रजा टाकली. जाऊने एकोणीस तोंडं ओल्या फडक्याने टिपून पुन्हा अंगाचा रंग दिला. पण बुधवारी सकाळी खडा ओलाच होता. शुक्रवारी दुपारपासून लोक मूर्ती न्यायला येणार होते. बाबा खड्याला बोट लावून परत येऊन ओटीवर बसले. ह्यांनी कुठूनतरी रॉकेलचा मोठा स्टोव्ह आणला आणि म्हणाले, शेडमध्ये पेटवून ठेवू, गरम होईल.

"स्टोव्ह नको!" मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारची डोकावली. रॉकेल जळलं की त्यातून वाफच निघते, ती कुठे जाणार? कोळसे आणा म्हटलं, तेही घरात नको, आधी अंगणात फुलवून मग आत. हे पुटपुटत गेले, पण गेले. बुधवारी दिवसभर शेडमध्ये तीन शेगड्या ठेवल्या, वरची झडप उघडी ठेवली, म्हणजे तापलेली हवा वाफ घेऊन बाहेर जाईल. मी दर तासाला ताटलीतला खडा बदलून बघत होते. बाबा ओटीवरून विचारत होते, "काय म्हणतो?" आणि मी सांगत होते, "अजून रुसलाय." दिवेलागणीला पहिल्यांदा खडा बोटाला कोरडा लागला. मी तो तसाच बाबांच्या तळहातावर नेऊन ठेवला. त्यांनी चुरडून बघितला आणि मान डोलावली.

गुरुवारी आठ वाजता ते बसले. मी समोर मूर्ती धरायची, फिरवायची, आणि ते म्हणतील तेव्हा सांगायचं, डावा डोळा उजव्याच्या रेषेत आहे की नाही. पहिल्यांदा भीतीने मी सगळ्यालाच "बरोबर आहे" म्हणत होते. ते म्हणाले, "खरं सांग गो. माझ्या हाताला वाईट वाटत नाय." मग मी सांगायला लागले. केसभर वर. जरा आत. आता बरोबर. दहापर्यंत नऊ झाले.

शुक्रवारी उरलेले दहा. सहा झाले आणि सातवी मूर्ती घेतल्यावर त्यांचा हात हवेतच राहिला. त्यांनी मान तिरकी केली, दोनदा डोळे पुसले. "उजेड कमी झाला का गो?"

बाहेर लख्ख ऊन होतं. इतकं की दारातल्या उन्हाची कड पाटावर आली होती आणि जाऊच्या हातातल्या वाटीतला रंग चमकत होता. ती थांबली आणि महिन्याभरात पहिल्यांदा तिने सरळ माझ्याकडे बघितलं. चारच उरले होते. ढग म्हटलं असतं तर ते पाच मिनिटं थांबले असते, पुन्हा ब्रश धरला असता, आणि सव्वीसच्या सव्वीस त्यांच्या हातचे झाले असते. पण मी बघत होते की सहाव्या मूर्तीची रेघ आधीच थरथरली होती. अशा रेघेची मूर्ती कुणाच्या तरी घरी दहा दिवस बसणार होती, आणि सगळ्यांना सांगत असणार होती की ही बाबांच्याच हातची.

"नाही बाबा," मी म्हणाले. "लख्ख ऊन आहे."

"ढग?"

"ढग नाहीत. मागेही बऱ्याच वेळा नव्हते. मी खोटं बोलत होते."

बाबांनी ब्रश पाण्यात बुडवला. दोन बोटांत धरून त्याचं टोक नीट केलं, जसं ते नेहमी काम संपल्यावर करायचे. "म्हणजे धुकं माझ्यातच व्हतं," ते म्हणाले. मग त्यांनी जाऊच्या दिशेने हात पुढे केला. "घे. चार तुझे."

जाऊ म्हणाली, "मी नाय बाबा. माझ्यानं नाय व्हायचं."

"मी पण पैल्यांदा असंच म्हणालो व्हतो. घे."

जाऊने चार आखले. तिचे डोळे बाबांसारखे नव्हते, थोडे मोठे, थोडे आश्चर्य वाटल्यासारखे. बाबांनी मला विचारलं, "कसे झालेत?" मी म्हटलं, "वेगळे झालेत. वाईट नाहीत." ते म्हणाले, "बरं." दुपारी माणसं टोपल्या-पाट घेऊन आली आणि आपापले गणपती घेऊन गेली. ज्यांच्या वाट्याला जाऊचे आले त्यांच्यातल्या एका आजीने मूर्तीकडे बराच वेळ बघितलं, मग बाबांकडे बघितलं, आणि पदर सावरून मूर्ती घेऊन निघून गेली. बाबा उठून आत गेले आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आले नाहीत. माझ्यामुळे गेले ते चार. पत्र्यामुळे नाही, डोळ्यांमुळे पण नाही. पहिल्या खेपेला त्यांचे सव्वीस पुरे झाले होते.

हिवाळ्यात त्यांची ऑपरेशनं झाली, आधी उजवा, मग डावा. शेडमध्ये मातीची धूळ, म्हणून डॉक्टरांनी महिनाभर दुसरीकडे राहायला सांगितलं. मी त्यांना वरशाला माझ्या माहेरी नेलं. त्यांना तिथे करमायचं नाही, पण माझ्या आईच्या हातच्या पावट्याच्या आमटीवर खूश होते. पट्टी निघाली, जाड भिंगांचा चष्मा आला. घड्याळातला सेकंदाचा काटा दिसायला लागला तेव्हा त्यांनी घरातल्या सगळ्यांना बोलावून तो दाखवला.

एक दिवस पहाटे उठून बघते तर ते अंगणात उभे. कुंडलिकेवरून धुकं वर आलं होतं. रोह्याला थंडीत येतं ना, तसं दाट. नदीचं पाणी हवेपेक्षा उबदार, त्याची वाफ वर येते आणि गार हवेत थेंब होऊन लटकत राहते. ढगच तो, फक्त जमिनीला टेकलेला. समोरचं आंब्याचं झाड नाही, रस्ता नाही, काही नाही. बाबांनी चष्मा काढून उपरण्याने पुसला, घातला, पुन्हा काढला, पुन्हा पुसला. ते घाबरले होते हे मला लांबूनच कळलं.

मी जवळ गेले तर त्यांनी वळून न बघताच विचारलं, "मास्तरीण, हे खरं का माझं?"

"खरं, बाबा. नदीवरचं धुकं आहे."

"ढग नाय ना आणलास तू परत?"

"नाही."

"ते आंब्याचं झाड तुला दिसतं?"

मी नीट बघितलं. घाई केली नाही. "नाही दिसत," मी म्हणाले.

"रस्ता?"

"तोही नाही दिसत, बाबा. कुणालाच दिसत नसणार आता."

त्यांनी चष्मा घातला, कानामागे काड्या नीट बसवल्या आणि माझा हात धरला. "मग बरं," ते म्हणाले, आणि आम्ही दोघं धुकं विरेपर्यंत तिथेच उभे राहिलो.